समाजकार्याचा इतिहास लंडनहून नको, चाळीसगावहून सुरू करा

बारावीचा निकाल लागला की पहूरच्या बसस्टँडवर एक ओळखीचे दृश्य दिसते. पहूर पेठ आणि पहूर कसबे, दोन्हीकडची आपली मुले-मुली जळगावच्या गाडीची वाट बघत उभी असतात. हातात पिशवी, पिशवीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि झेरॉक्सचा गठ्ठा. त्यांतली काही जण दरवर्षी आम्हाला गाठतात आणि विचारतात, "दादा, बीएसडब्ल्यू कसं आहे? नोकरी लागते का?"

नोकरीबद्दल आम्ही खोटे सांगत नाही. दवाखान्यातला समुपदेशक, बाल संरक्षण कक्ष, एखादी स्वयंसेवी संस्था, एखाद्या कंपनीचा सीएसआर. बहुतेक जागा कंत्राटी. पण त्या मुलांना आम्ही एक उलट प्रश्न विचारतो. ज्या विषयाची पदवी घ्यायला निघालात, तो विषय आला कुठून?

पहिल्या वर्षाच्या कोणत्याही गाइडात याचे उत्तर ठरलेले असते. इंग्लंडचा 1601 चा गरिबांचा कायदा. 1869 मध्ये लंडनमध्ये निघालेली दानसंघटना संस्था. 1884 चा टॉयन्बी हॉल, 1889 चे शिकागोचे हल हाऊस, 1898 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेला उन्हाळी वर्ग, 1917 चे मेरी रिचमंडचे 'सोशल डायग्नोसिस'. मग बोटीत बसून हा इतिहास भारतात येतो. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या नागपाड्यात काम करतात आणि 1936 मध्ये टाटांच्या पैशातून समाजकार्याची पहिली शाळा निघते. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट.

यातले काहीच खोटे नाही. हल हाऊसच्या बायांबद्दल तर आम्हाला आदरच आहे. त्या नुसत्या कपडे वाटत बसल्या नाहीत. कारखान्यातल्या बालमजुरीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून भांडल्या. आमचा आक्षेप वेगळा आहे. हा सगळा इतिहास देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. 1601 च्या कायद्याने गरिबांची वर्गवारी केली: हा धडधाकट, हा अपंग, हे पोरके. पुढे दानसंघटनावाल्यांनी आणखी एक चाळणी लावली: हा मदतीला पात्र, हा अपात्र. म्हणजे देणारा खुर्चीत बसलेला आणि घेणाऱ्याची चौकशी चाललेली. गरीब का गरीब आहे, हा प्रश्न विचारलाच तर उत्तर त्याच्या सवयीत शोधायचे. दारू पितो का? आळशी आहे का?

भारताचे प्रकरण तर त्याहून मजेदार असते. आपल्याकडे दानाची थोर परंपरा होती, एकत्र कुटुंब होते आणि जातपंचायत आपल्या माणसांना सांभाळून घेत असे, म्हणून त्या काळी व्यावसायिक समाजकार्याची गरज पडली नाही, असे लिहिलेले आम्ही स्वतः वाचून परीक्षेत उतरवले आहे. जात ही सामाजिक सुरक्षा होती म्हणे! कोणाची? गावकुसाबाहेर मेलेले ढोर ओढणाऱ्याची? आम्ही तेव्हा ते उत्तर लिहिले आणि चांगले मार्कही मिळवले. आज त्याची लाज वाटते.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. लंडनच्या संस्थेच्या सहा वर्षे आधी, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, कोणी नाव विचारणार नाही. त्यांतल्याच एकीचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. न्यूयॉर्कचा उन्हाळी वर्ग सुरू व्हायला अजून एक वर्ष होते. पण पुस्तकात फुले पती-पत्नी 'समाजसुधारक' या रकान्यात जातात आणि मेरी रिचमंड 'समाजकार्य' या रकान्यात. रकाने कोणी पाडले, हे ज्याने त्याने ओळखावे.

पण फुल्यांचे नाव निदान घेतले तरी जाते. ज्या घटनेसाठी आम्ही हे लिहायला बसलो, ती आपल्या खानदेशातली असून आपल्याच मुलांना माहीत नसते.

1928 मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे आयसीएस अधिकारी, म्हणून ती स्टार्ट समिती. बाबासाहेब तिचे सभासद होते, डॉ. पी. जी. सोळंकी होते आणि अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्कर बाप्पाही होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (स्टार्टसाहेबांची एक ओळख सांगायला हवी. 'गुन्हेगार जमाती' म्हणून शिक्का मारलेल्या लोकांना ज्या वसाहतींत कोंडून 'सुधारले' जात होते, त्या वसाहतींचे ते अधिकारी होते. कल्याण आणि कोंडवाडा हे एकाच माणसाच्या टेबलावर असू शकतात, हे समाजकार्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये.)

समितीच्या सभासदांनी जिल्हे वाटून घेतले. बाबासाहेब आणि आणखी एक सभासद यांच्या वाट्याला खानदेशचे दोन जिल्हे आले, पूर्व आणि पश्चिम. काम संपवून बाबासाहेब मुंबईला निघाले. 1929 चा ऑक्टोबर महिना. वाटेत चाळीसगावला उतरून त्यांना धुळे लाइनवरच्या एका गावी जायचे होते. त्या गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता आणि त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावच्या महारवाड्यातली माणसे स्टेशनवर आली. म्हणाली, आजची रात्र आमच्याकडे राहा. बाबासाहेबांनी मान्य केले, धुळ्याच्या गाडीने त्या गावी गेले, माहिती घेतली आणि पुढच्या गाडीने परत आले.

स्टेशनवर हार घातले गेले. महारवाडा दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. बाहेर टांगे उभे. पण कोणी हलेना. तासभर बाबासाहेब नुसते थांबून. मग एक टांगा आला. आत ते आणि हाकणारा, दोघेच. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली. दोनशे पावले जात नाही तोच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडा नाही, थोड्या थोड्या अंतरावर दगड रोवलेले. रस्ता सोडून फरशीवर चढायला काटकोनात वळण. तिथे घोडा बिथरला, चाक दगडावर आदळले. बाबासाहेब उडून फरशीच्या दगडांवर पडले आणि घोडा-टांगा खाली नदीत गेला. ते बेशुद्ध झाले होते. पलीकडच्या काठावर महारवाडा. बाया-माणसे रडत धावत आली आणि त्यांना उचलून घेऊन गेली. पाय मोडला होता.

नंतर चौकशी केली तेव्हा त्यांना कळले की स्टेशनवर उशीर का झाला. अस्पृश्य गिऱ्हाइकाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या माणसांना वाटले, बाबासाहेबांना पायी कसे न्यायचे? शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही, हाकणारा तुमचा आणा. हाकायची सवय कोणालाच नव्हती. एकाने हिंमत करून लगाम धरला आणि मध्येच त्याचा धीर सुटला.

हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर 31 जुलैला आपण हजारोंनी जातो, जायलाच हवे. पण चाळीसगावच्या त्या फरशीवर उभे राहून विचार करायला किती जण जातात?

विचार यासाठी की फिल्डवर्क म्हणतात ते हेच. सरकारी समितीचा सभासद, बॅरिस्टर, दोन परदेशी विद्यापीठांचा विद्वान. तो बहिष्काराची चौकशी करायला गेला आणि चौकशी करता करता स्वतःच त्या चौकशीचा विषय झाला. कोणत्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकात हा धडा आहे? आणि निष्कर्ष काय काढला? टांगेवाल्याची बुद्धी भ्रष्ट आहे, त्याला समुपदेशन द्या, असा नाही. दिवसभर घोड्यामागे राबणारा, पोटाला चिमटा घेऊन जगणारा टांगेवाला. त्यालाही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा आपण वरचे, असे वाटायची सोय जात करून देते, हे त्यांनी टिपले. दोष माणसाच्या स्वभावात शोधला नाही, त्याला तशी खुर्ची देणाऱ्या व्यवस्थेत शोधला.

समितीचा अहवाल 1930 मध्ये आला. शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, नोकऱ्या यांबद्दल शिफारशी झाल्या आणि त्यांतून मुंबई सरकारने मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र अधिकारी आणि खाते उभे केले. त्या खात्याचे पुढे समाजकल्याण झाले, आता सामाजिक न्याय. आणि महाराष्ट्रातल्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांना अनुदान कुठून येते? उच्च शिक्षण खात्याकडून नाही, याच सामाजिक न्याय विभागाकडून. ज्या प्राध्यापकांना वाटते की समाजकार्य लंडनहून आले, त्यांचा पगार चाळीसगावच्या फरशीवरून आला आहे. हे आम्ही चेष्टेने म्हणत नाही.

आता ठक्कर बाप्पांकडे येऊ. पुणे करारानंतर, सप्टेंबर 1932 च्या अखेरीस, अस्पृश्यता निवारणासाठी एक संघ स्थापन झाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस ठक्कर. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, 14 नोव्हेंबर 1932 रोजी, पोर्ट सैदला बोटीवरून बाबासाहेबांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिले. आमच्या मते समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला फक्त हे एक पत्र शिकवले तरी निम्मा अभ्यासक्रम झाला.

पत्राचा गाभा साधा आहे. दलितांच्या उद्धाराचे दोन मार्ग. एक मार्ग समजतो की माणूस दुःखात आहे कारण त्याच्यात दोष आहे. म्हणून त्याला व्यसनमुक्ती शिकवा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा. दुसरा मार्ग समजतो की माणसाभोवतीची परिस्थितीच त्याला वर येऊ देत नाही. म्हणून परिस्थितीवर घाव घाला. बाबासाहेब म्हणाले, पहिल्यावर संघाने शक्ती वाया घालवू नये. गावच्या विहिरीचे पाणी, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने या नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढावी. सार्वजनिक वाहने! टांग्याला तीनच वर्षे झाली होती. त्यांनी पुढचेही बजावले की अशी मोहीम काढली की डोकी फुटतील, बहिष्कार पडतील आणि तरी मागे हटता येणार नाही. मग कामाच्या समान संधीचा मुद्दा: गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला का घेत नाहीत? मग घरोघरी मिसळण्याचा. आणि शेवटी, हे काम करणार कोण? पगारासाठी कोणतेही काम धरणारे भाडोत्री नकोत, ज्यांना या माणसांबद्दल माया आहे असे हवेत आणि ते बहुधा अस्पृश्यांतूनच मिळतील. अस्पृश्यांत लबाड नसतात असे आपले म्हणणे नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. आजच्या आपल्या संस्थाचालकांनी हे वाक्य जरूर शोधून वाचावे.

पत्राची साधी पोचही आली नाही. बाबासाहेब संघातून बाहेर पडले. पुढे संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असे विचारल्यावर गांधीजींचे उत्तर होते की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, कारभार त्यांनीच करायचा. 1945 च्या आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी या प्रकारावर अख्खे प्रकरण खर्च केले आणि त्याला राजकीय दानधर्म म्हटले.

काही मित्र म्हणतील, हा नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचा वाद झाला, आज मुलांना काय उपयोग? तर पहूरहून लांब जायची गरज नाही. जून 2018. आपल्याच जामनेर तालुक्यातले वाकडी. विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या अल्पवयीन मुलांना नागवे करून मारले, त्याची चित्रफीत काढली. गुन्हा आपल्या पहूर पोलीस ठाण्यात दाखल झाला, अ‍ॅट्रॉसिटी आणि पोक्सो दोन्ही कायद्यांखाली. मुख्य आरोपी सवर्ण नव्हता, भटक्या प्रवर्गातला होता. लगेच चर्चा सुरू झाली: मग हा जातीचा विषयच नाही, शेतमालक आणि व्रात्य पोरे एवढाच मामला.

टांगेवाला आठवला का? तोही कुठे जमीनदार होता? बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी आहे आणि त्यामुळे वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. हे ज्याला कळले नाही, तो समाजकार्यकर्ता वाकडीला जाऊन मुलांना पोहण्याचे नियम समजावेल आणि आरोपीला राग आवरायला शिकवेल. व्यक्ती सहाय्य कार्याचा फॉर्म व्यवस्थित भरला जाईल.

ज्याने पोर्ट सैदचे पत्र वाचले आहे, तो वेगळे प्रश्न घेऊन जाईल. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आहे का? 1995 च्या नियमांत तसे बंधन आहे. पीडिताला टप्प्याटप्प्याने मिळणारे अर्थसाहाय्य कोणत्या टप्प्यावर अडले? साक्षीदारांना कोर्टात जायला-यायला प्रवासखर्च मिळतो, हे त्यांना कोणी सांगितले का? साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले का? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा बसायला हवी, ती बसते का? आणि सगळ्यात आधी, गावात दलितांसाठी पाण्याची वेगळी विहीर का आहे किंवा विहीरच का नाही? हे प्रश्न विचारले की सरपंच नाराज होतो, फिल्डवर्कला जागा देणारी संस्था नाराज होते, कधी कधी महाविद्यालयही नाराज होते.

आम्हाला याचा अनुभव आहे. आमच्यातल्या एकीने दुसऱ्या वर्षाला गावाच्या पाणीप्रश्नावर फिल्डवर्कचा अहवाल लिहिला. टँकर आधी कुठल्या गल्लीत थांबतो आणि शेवटी कुठल्या वस्तीत पोचतो, हे घड्याळ लावून टिपले होते. अहवाल परत आला तेव्हा 'बौद्धवाडा' आणि 'मातंग वस्ती' हे शब्द लाल पेनाने खोडून त्या जागी 'दुर्बल घटक' लिहिलेले. शेरा होता: भाषा वस्तुनिष्ठ ठेवा. महाविद्यालयाचे नाव इथे घेत नाही, कारण ते एकाच महाविद्यालयाचे दुखणे नाही. तिने शब्द बदलले, कारण मार्क हवे होते. पण वहीची मूळ प्रत आमच्याकडे आहे आणि नव्या मुलांना आम्ही तीच दाखवतो.

चांगलेही काही घडले आहे, ते सांगायला हवे. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये पदव्युत्तर स्तरावर दलित आणि आदिवासी अभ्यास व कृती असा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला, आपल्याच लोकांनी जात हा समाजकार्याचा मध्यवर्ती प्रश्न म्हणून मांडला. पण त्याच संस्थेत 2018 च्या फेब्रुवारीत शिष्यवृत्तीपात्र एससी-एसटी विद्यार्थ्यांची फीमाफी काढून घेतल्याबद्दल संप करावा लागला, हेही खरे. समाजकार्याची शाळा आणि दारात संप करणारे दलित-आदिवासी विद्यार्थी!

त्या शिष्यवृत्तीचा इतिहासही आपलाच आहे. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यातून उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाडीबीटीच्या पोर्टलवर रात्री बारा वाजता अर्ज भरताना सर्व्हर बंद पडतो, तेव्हा कंटाळून 'सरकारची मेहरबानी नको' म्हणणारी मुले आम्ही पाहिली आहेत. मेहरबानी नाही ती. आणि ज्याला स्वतःची शिष्यवृत्ती हक्क वाटत नाही, तो उद्या निराधार योजनेच्या रांगेतल्या म्हातारीला हक्क काय समजावणार?

म्हणून बीएसडब्ल्यू करू का, असे विचारणाऱ्याला आम्ही म्हणतो, कर. जळगाव, चोपडा, अमळनेर, जिथे प्रवेश मिळेल तिथे कर. 1601 चा कायदाही पाठ कर, परीक्षेत येतो. पण पहिल्या सत्राच्या सुट्टीत आमच्याबरोबर चाळीसगावला चल. गेल्या वर्षी सात जण आले होते. स्टेशनपासून नदीपर्यंत आम्ही पायी गेलो. वाटेत एका रिक्षावाल्याने विचारले, बसता का? त्यांतली एक मुलगी म्हणाली, "नको काका, आज चालतच जायचं आहे." आणि मग पुढे जाऊन तिने वहीत वेळ लिहून घेतली.